ईव्हीला नवे टायर घेताय? आधी पाऊस बघा, रेंज नंतर

तीन-चार वर्षांपूर्वी ज्यांनी ईव्ही घेतल्या त्यांचे कंपनीकडून आलेले पहिले टायर आता संपत आलेत, त्यामुळे सध्या जो तो विचारतोय की कुठले टायर टाकू, आणि त्याला जोडून लगेच दुसरा प्रश्न येतो, रेंज किती कमी होईल. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पटत नाही त्याचा वेळ वाचेल. महाराष्ट्रात किंवा गोव्यात गाडी चालवणार असाल तर आधी गाडीचं वजन पेलणारा बरोबर साइजचा टायर, मग ओल्या रस्त्यावरची पकड आणि मग रेंज, ह्या क्रमाने बघा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. त्यात त्यांचीही चूक नाही म्हणा, रेंजचा आकडा रोज डोळ्यासमोर स्क्रीनवर असतो आणि पकडीचा आकडा कुठेच नसतो.

दुकानात गेलात की "ऑल सीझन आहे साहेब, बिनधास्त टाका" हे वाक्य ऐकायला मिळणारच. त्याला फार भाव देऊ नका. ऑल-सीझन हा प्रकार मुळात जिथे बर्फ पडतो तिथला. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, मग तिकडचे लोक उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन सेट ठेवतात, आणि ज्यांना ती उठाठेव नको ते मधला मार्ग म्हणून ऑल-सीझन घेतात. आपल्याकडे निफाडला एखाद्या पहाटे पारा पाच-सहावर येतो तेवढीच काय ती थंडी. आपले सीझन वेगळेच. मे महिन्यात विदर्भात ४५ अंश आणि खाली तापलेलं काँक्रीट, आणि जुलैत आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वरला धो धो पाऊस, रस्त्यावर वाहतं पाणी, शेवाळ, चिखल आणि त्याखाली लपलेले खड्डे. ह्या दोन्हीत जो टिकेल तो आपला बारमाही टायर, मग त्याच्यावर काहीही छापलेलं असो.

आता ईव्हीला वेगळं काय लागतं? तर तीन गोष्टी. पहिली म्हणजे वजन. नेक्सॉनचंच घ्या, ईव्ही साधारण १४०० किलोच्या घरात जाते, पेट्रोलवालीपेक्षा दीडशे-दोनशे किलो जड, म्हणजे गाडीत कोणी बसलेलं नसतानाही दोन-तीन माणसं कायमची बसवून फिरल्यासारखं. दुसरी गोष्ट टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. पेट्रोल नेक्सॉनचा १७० न्यूटन मीटर, तोही इंजिन जरा फिरायला लागल्यावर, आणि ईव्हीचा व्हर्जनप्रमाणे २१५ ते २५०, तो पण पाय ठेवल्या ठेवल्या. सिग्नल सुटला की बाइकवाल्यांना मागे टाकायची जी मजा आहे ना, तिचं बिल पुढचे टायर भरतात. तिसरी गोष्ट रीजेन. पाय उचलला की मोटरच गाडी धरते, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ते सगळं धरणं पुन्हा त्याच दोन पुढच्या चाकांवर. म्हणजे पळवायचं काम पण त्यांचं, थांबवायचं पण आणि वळवायचं पण. म्हणून ईव्हीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच आधी गुळगुळीत होतात, आणि म्हणून दर सात-आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केलेच पाहिजेत, ते जर केलं नाही तर चांगल्यातला चांगला टायर घेऊन पण उपयोग शून्य. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरचा आवाज जास्त ऐकू येतो हे चौथं, पण त्याच्यावर मी फार वेळ घालवणार नाही, चार दिवसांत कानाला सवय होते.

टायर घ्यायला जायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीच्या टायरची कड मोबाइलच्या टॉर्चने नीट वाचा आणि फोटो काढून ठेवा. समजा लिहिलंय २१५/६० आर१६ ९५एच. तर २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि १६ इंचाचा रिम. हे तिन्ही आकडे जसेच्या तसे ठेवायचे. एक साइज मोठा टाकला की गाडी उंच दिसते, भारदस्त वाटते, हे खरं, पण २१५/६५ आर१६ टाकला तर टायरचा व्यास सव्वातीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०३ वर असाल, ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवेल आणि मग तुम्हालाच वाटत राहणार की टायर बदलल्यापासून रेंज पडली. रुंद टायर टाकला तर खरोखरच पडते, शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. त्यात क्लेमच्या वेळी किंवा वॉरंटीच्या वेळी कोणी बोट ठेवलं तर वाद घालत बसावं लागेल ते वेगळंच.

शेवटचा ९५ हा आकडा मात्र लोक वाचतच नाहीत, आणि ईव्हीसाठी तोच महत्त्वाचा. हा लोड इंडेक्स. ९५ म्हणजे एक टायर पूर्ण हवेत ६९० किलो उचलू शकतो, ९१ म्हणजे ६१५, ९९ म्हणजे ७७५. नेक्सॉन ईव्हीचं गणित करून बघा, गाडी १४००, पाच माणसं साडेतीनशे, सामान पन्नास, झाले १८००, चार चाकांवर सरासरी ४५०. म्हणजे ९५ मध्ये भरपूर जागा आहे, घाबरायचं काही कारण नाही. पण टियागोसारख्या छोट्या ईव्हीला १७५/६५ आर१४ येतो, त्यात ८२ इंडेक्स म्हणजे ४७५ किलो, तिथे दुकानदाराने "हा पण बसतो" म्हणून खालच्या इंडेक्सचा काहीतरी गळ्यात मारला तर अवघड आहे. कंपनीने जो दिलाय तो किंवा त्याच्या वरचा, खालचा कधीच नाही. आणि पुढचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने कोणी जाणार नाही पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सहन करतो, म्हणून तिथेही खाली उतरायचं नाही.

काही टायरवर एक्सएल लिहिलेलं असतं, एक्स्ट्रा लोड. २१५/६० आर१६ मध्ये साधा ९५ येतो आणि एक्सएल ९९. ईव्हीला एक्सएलच पाहिजे असं सांगणारे बरेच भेटतील. घ्यायला हरकत नाही, कड जरा दणकट असते, खड्ड्यात रिम आणि रस्त्यामध्ये चिमटून कडेला फुगा यायची शक्यता थोडी कमी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे गाडी थोडी कडक बसते, मागच्या सीटवरचे तक्रार करणार, आणि दुसरं म्हणजे तो जादाचा भार एक्सएल उचलतो तो जास्त हवेवर, त्याच हवेवर नाही. एक्सएल आहे म्हणून हवा कमी ठेवून चालतंय हा गैरसमज आहे.

आता मुख्य मुद्दा, पावसातली पकड.

टायर बनवताना रोलिंग रेझिस्टन्स आणि ओली पकड ह्यांची एकमेकांशी ओढाताण असते. टायर फिरताना रबर दर फेऱ्याला दबतं आणि सुटतं, त्यात ऊर्जा वाया जाते, ती कमी करायची तर रबर असं बनवायचं की ते कमी उष्णता धरेल. पण ब्रेक मारल्यावर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीतपणाला चिकटून राहायचं तर रबराने ऊर्जा खायलाच पाहिजे. सिलिका घालून कंपन्या ह्या दोन्हीचा मेळ बसवतात आणि चांगल्या टायरमध्ये तो बऱ्यापैकी बसतोही, पण स्वस्तात कमी रोलिंग रेझिस्टन्स द्यायचा म्हटलं की कात्री कुठे लागते ते सांगायला नको. "रेंज वाढवणारा" म्हणून विकला जाणारा प्रत्येक टायर वाईट असं नाही, पण त्याच्या ओल्या पकडीबद्दल तो विकणारा काही बोलतो का हे बघा. बोलत नसेल तर समजून जा.

आपल्याकडे बीईई ह्या ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचं स्टार लेबल टायरलाही सुरू झालंय, फ्रिजवर असतं तसंच. अजून ते ऐच्छिक आहे त्यामुळे प्रत्येक टायरवर दिसणार नाही. पण दिसलं तरी ते नीट समजून घ्या, ते स्टार इंधन किंवा वीज बचतीचे आहेत, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्सचे. पाच स्टार म्हणजे बोरघाटात पावसात पाच स्टार असं अजिबात नाही. एआयएस-१४२ नावाच्या मानकात रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज तिन्हीच्या मर्यादा घालून दिल्यात, ही चांगली गोष्ट झाली, पण ती किमान पातळी. पास झालेल्यांत पस्तीस टक्केवाला कोण आणि नव्वदवाला कोण ते त्यावरून कळत नाही.

मग कळणार कसं? तर एक जुगाड आहे. युरोपात प्रत्येक टायरला लेबल सक्तीचं आहे, त्यात वीज बचत ए ते ई, ओली पकड ए ते ई आणि आवाज डेसिबलमध्ये, असं सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. तुम्ही बघताय त्या मॉडेलचं नाव आणि साइज टाकून युरोपातलं लेबल शोधा. ओल्या पकडीला ए किंवा बी असेल तर पुढे बघा, सी असेल तर विचार करा, त्याच्या खाली असेल तर सोडून द्या. फक्त हे शंभर टक्के धरू नका, एकाच नावाचा टायर इथल्या कारखान्यात वेगळ्या रबराचा बनत असू शकतो, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे. दुसरं म्हणजे डोळ्यांनी बघा. गोल गोल फिरणाऱ्या मोठ्या खाचा तीन आहेत का चार, किती रुंद आणि खोल आहेत, त्यातून कडेला पाणी काढायला आडव्या वाटा आहेत का. आणि तिसरं सगळ्यात सोपं, कोकणातल्या किंवा घाटाखालच्या कोणाला तरी विचारा ज्याने तोच टायर निदान एक पावसाळा वापरलाय. चिपळूण-रत्नागिरीकडचा माणूस टायरबद्दल जे सांगेल ते पुण्यात बसून रिव्ह्यू लिहिणारा नाही सांगू शकत.

खाचांच्या खोलीचं पण इथेच सांगतो. नवीन टायरला सात-आठ मिलिमीटर असते. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, तिथे खाचेत छोटे उंचवटे दिलेले असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण १.६ हा आकडा कोरड्या रस्त्याच्या हिशोबाने ठीक आहे, आपल्या पावसासाठी नाही. ३ मिलिमीटरच्या आत आला आणि पुढे पावसाळा असेल तर बदला, मृग लागायच्या आत. जूनमध्ये पहिल्या पावसात दुकानात गर्दी असते, हवी ती साइज मिळत नाही आणि मग जे आहे ते घेऊन यावं लागतं. खोली मोजायचं छोटं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा. मोजताना बाहेरची, मधली आणि आतली अशा तिन्ही खाचा मोजा, आतली कड बहुतेक वेळा जास्त झिजलेली असते आणि ती उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की दिसते. मग टायरवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं की अलाइनमेंट गेलेली आहे, कोणाला विचारायला नको.

बरं, आता रेंजचं. हे पण आकड्यांत करून बघू म्हणजे उगाच भीती नको. माणसं धरून गाडी १६०० किलो. चांगल्या कमी रेझिस्टन्सच्या टायरचा गुणांक ०.००८ धरा, साध्या टायरचा ०.०११. पहिल्यात दर किलोमीटरला टायर फिरवण्यात साधारण ३५ वॅट अवर जातात, दुसऱ्यात ४८. मोटर, इन्व्हर्टर वगैरेमधला तोटा धरून फरक झाला १५ वॅट अवर. गाडी एरवी किलोमीटरला १४० खात असेल तर आता १५५ खाणार. ४०.५ युनिटच्या (एक युनिट म्हणजे हजार वॅट अवर) बॅटरीवर २८९ किलोमीटर जायची ती २६१ जाईल. म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर गेले, आणि हा टोकाचा फरक झाला, दोन चांगल्या टायरमध्ये तो ह्याच्या निम्मा पण नसतो. पैशात बघायचं तर वर्षाला १५ हजार किलोमीटरला सव्वादोनशे युनिट जास्त, दहा रुपये युनिट धरलं तर सव्वादोन हजार रुपये. आता ज्याची गाडी रोज पुणे-मुंबई-पुणे करते आणि घरी पोचताना बॅटरी दहा टक्क्यांवर असते त्याला अठ्ठावीस किलोमीटर जड जातील, मान्य आहे. पण ज्याचं रोजचं फिरणं चाळीस-पन्नास किलोमीटर आणि गाडी रात्री सोसायटीत चार्जिंगला, त्याने ह्या सव्वादोन हजारांसाठी ओली पकड सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. एक बंपर किती रुपयांना पडतो ते सर्व्हिस सेंटरला विचारून या.

अजून एक, नवीन टायर टाकल्यावर रेंज पडतेच, अगदी तोच टायर परत टाकला तरी. जुना टायर झिजलेला, रबर कमी, म्हणून तो हलका फिरत होता. नव्याला खोल खाचा, जास्त रबर, जास्त दबणार. त्यामुळे पहिल्या आठवड्यात स्क्रीन बघून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. हजारेक किलोमीटर झाल्यावर मग बघा.

ईव्हीसाठी खास म्हणून विकले जाणारे टायर घ्यावेत का? अपोलोचा अँपेरियन आहे, सिएटचा एनर्जीड्राइव्ह आहे, बाकीच्या कंपन्यांचेही येतायत, आणि काही कंपन्या सरळ म्हणतात की आमचे सगळेच टायर ईव्हीला चालतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ईव्हीवाल्या टायरमध्ये साधारण कड मजबूत, रेझिस्टन्स कमी आणि खाचांची रचना आवाज कमी करणारी असते. तुमच्या साइजमध्ये मिळत असेल, ओल्या पकडीबद्दल चांगलं ऐकलं असेल आणि किंमत आवाक्यात असेल तर घ्याच. पण फक्त कडेवर ईव्ही छापलंय म्हणून हजार-दोन हजार जास्त देऊ नका. मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल, योकोहामा ह्यांचा एखादा चांगला टूरिंग टायर, लोड इंडेक्स बरोबर असेल तर, ईव्हीला छान चालतो. काही महागड्या टायरमध्ये आतून आवाज शोषणारा फोम चिकटवलेला असतो, तो मी तरी आपल्या रस्त्यांसाठी घेणार नाही. पंक्चर झालं की तेवढ्या जागचा फोम कापून काढावा लागतो आणि पंक्चरवाल्याला ते माहीत नसेल तर तो नुसता गोंधळ घालून ठेवतो. कुठल्याही ईव्हीत टायरमध्ये आधीच जेल भरून ठेवायच्या भानगडीतही पडू नका, चाकाचा बॅलन्स बिघडतो, त्यापेक्षा पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर डिकीत ठेवा, तसंही बऱ्याच ईव्हींना स्टेपनी नसतेच.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुन्या एमआरपीवर "डिस्काउंट" देत असेल तर आधी तो कर कमी झालेला हिशोब मागा आणि मग डिस्काउंट मोजा.

उन्हाळ्याचा विषय थोडक्यात पण गंभीर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, सगळा काँक्रीटचा, सरळ, वेगमर्यादा १२०. अशा रस्त्यावर तासन् तास एका वेगात जड गाडी पळते तेव्हा टायर तापतो आणि हवा कमी असेल तर कड जास्त दबून अजून तापतो, आणि मग फुटतो. म्हणजे टायर फुटतो तो बहुतेक वेळा जास्त हवेने नाही, कमी हवेने. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात "दोन पॉइंट कमीच ठेवा साहेब, गरम होऊन वाढते" असं सांगायची पद्धत आहे. गरम झाल्यावर चार-पाच पॉइंट वाढणारच, ते कंपनीने धरलेलंच असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलेली हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, पाच माणसं आणि सामान असेल तर पूर्ण लोडची जी वेगळी लिहिलीय ती भरायची, आणि वाटेत गरम टायरमधली हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरला तरी चालेल, नाही भरला तरी चालेल, महिन्यातून दोनदा चेक करणं जास्त महत्त्वाचं. एक-दोन पॉइंट कमी झाले तरी ईव्हीत रेंजवर लगेच दिसतं, म्हणजे रेंजसाठी सगळ्यात स्वस्त उपाय हाच, फुकटातला.

आता दुकानात. आधी तारीख बघायची. कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांपर्यंत जुना असेल तर बिनधास्त घ्या, वर्षाच्या वर गेला असेल तर दुसरा मागा, आणि चारही टायरच्या तारखा बघा, तीन नवे आणि एक म्हातारा अशी भेळ पण करून देतात. आयएसआयचा शिक्का आहे ना ते बघा.

मग गाडी जॅकवर घ्यायच्या आधी तिथल्या पोराला थांबवून सांगा की ही ईव्ही आहे, खाली मधोमध बॅटरी आहे. एका टायरवाल्याकडे माझ्यासमोर ट्रॉली जॅक सरळ बॅटरीच्या ट्रेखाली सरकवला होता, मी ओरडलो म्हणून थांबला. "दादा, सगळ्या गाड्या अशाच उचलतो" म्हणे. गाडीच्या बाजूच्या पट्टीवर जॅक लावायच्या चार जागा ठरलेल्या असतात, मॅन्युअलमध्ये चित्र आहे, ते पान मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा, आणि चारही चाकं वर जाईपर्यंत तिथेच उभे राहा. चहा नंतर प्या.

चारही टायर एकदम बदलता आले तर उत्तम. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे टाका. हो, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी मागेच. दुकानदार हमखास पुढे टाकायला जातो, कारण झिजलेले पुढचे होते. पण पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलून सावरता येते, मागचे घसरले तर शेपूट फिरते आणि घाटातल्या वळणावर ते सावरणं तुमच्या आमच्या हातचं काम नाही. मधल्या काळात पुढच्या टायरची खोली ३ मिलिमीटरच्या वर असली पाहिजे हे आलंच. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या कंपनीचे टायर तर चुकूनही नको. ऑल व्हील ड्राइव्ह ईव्ही असेल तर चारही सारखेच.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची प्रिंट मागा, नुसतं "झालं साहेब" ऐकून पैसे देऊ नका. पुढे मोठा खड्डा दणकून बसला की परत चेक, ईव्हीच्या वजनामुळे हे पेट्रोल गाडीपेक्षा लवकर बिघडतं.

आपली जी मंडळी न्यू जर्सीत, टोरंटोत किंवा म्युनिकला टेस्ला नाहीतर आयोनिक चालवतात त्यांच्यासाठी मात्र ऑल-सीझनचं प्रकरण खरं आहे आणि क्रम पण थोडा बदलतो. तिकडे कडेवरची दोन चिन्हं वेगळी ओळखा. नुसतं एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फासाठीची नक्षी आहे असं कंपनीने स्वतः म्हटलेलं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह मात्र बर्फावर चाचणी देऊन मिळतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत डोंगरवालंच चिन्ह चालतं, नुसतं एम प्लस एस नाही. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मिशेलिन क्रॉसक्लायमेटसारख्या टायरवर डोंगरवालं चिन्ह आहे, हँकूकची आयॉन ही मालिका तर खास ईव्हीसाठीच काढलेली. पिरेलीच्या ईव्हीवाल्या टायरवर इलेक्ट असं लिहिलेलं असतं. टेस्लासाठी बनवलेल्या टायरवर टी० वगैरे खुणा असतात, तोच टायर परत घेतलात तर रेंज आणि आवाज आधीसारखा राहतो, पण सक्ती काही नाही. कॅलिफोर्नियात बर्फ बघायला मुद्दाम ताहोला जावं लागत असेल तर साधा ऑल-सीझन पुरे, रेंज पण चांगली देतो. आणि तिकडचा कोणी भारतात परत येताना "चांगले टायर आहेत, काढून आणतो" म्हणाला तर हिवाळी टायर आणू देऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ते लोण्यासारखे झिजतील.

टायर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून. साच्यातून काढताना लावलेला पदार्थ रबरावर थोडा राहिलेला असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही, त्यामुळे नवे टायर टाकून त्याच संध्याकाळी पावसात कुंभार्ली घाट उतरायचा बेत करू नका. त्या दिवसांत स्पोर्ट मोडला हात लावू नका आणि ओल्या उतारावर रीजेन एक लेव्हल खाली ठेवा, एकदम पाय उचलल्यावर पुढची चाकं झटका देतात ना, तो ओल्या रस्त्यावर नको. नट पन्नास-शंभर किलोमीटरने एकदा परत आवळून घ्या. टायर बदलल्यावर हवेचा सेन्सर रीसेट करावा लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघून करा, नाहीतर पिवळा दिवा लागलेला राहतो आणि खरं पंक्चर झालं तरी कळत नाही.

आणि बिलावर चारही टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या, नुसतं "टायर ४ नग" असं बिल आणू नका. सहा महिन्यांनी कडेला फुगा आला आणि तो बनावटीतला दोष आहे असं वाटलं तर क्लेम करताना पहिल्यांदा तेच विचारतात. वॉरंटी कार्ड असेल तर तिथल्या तिथे शिक्का मारून घ्या, "नंतर या, देतो" म्हणाले की ते राहूनच जातं.